मागच्या सीटवरचं दुखणं

अपघातात सापडलेल्या गाड्या तपासायच्या आणि विम्यासाठी त्यांचं नुकसान ठरवायचं, हे माझं सत्तावीस वर्षांचं काम. फोन आला की मी मोटरसायकल काढायचो आणि जालना रोडनं, नाहीतर पैठणच्या वाटेनं, नाहीतर पार कन्नडच्या घाटापर्यंत जायचो. रस्त्याच्या कडेला आडवा पडलेला ट्रक असायचा, चेपलेली कार असायची. मी तिच्याभोवती दोन चकरा मारायचो, खाली वाकायचो, हात लावून बघायचो आणि कुठलं लोखंड आज वाकलंय, कुठलं आधीपासूनच वाकलेलं होतं, ते सांगायचो. ड्रायव्हर काय सांगतोय ते मी शेवटी ऐकायचो. गॅरेजवाले म्हणायचे, ह्यांच्याशी गाडी बोलते. मलाही तसंच वाटायचं, आणि त्याचा मला गर्व होता. तो गर्व मला कुठं घेऊन गेला, ते आता लिहायला बसलोय.

गाड्यांबद्दल माझी मतं ठाम होती. लांब नाकाचा जुना सहाचाकी ट्रक आपल्या रस्त्यांवरचा सगळ्यात भरवशाचा गडी. इंजिन पुढं, ड्रायव्हर मागं, त्यामुळं समोरून धडक बसली तर आधी लोखंड मार खातं, मग माणूस. चपट्या तोंडाचे नवे ट्रक दिसायला देखणे, वळवायला सोपे. पण त्यात ड्रायव्हरचे गुडघे म्हणजेच बंपर. शिवाय जुन्या ट्रकचा कुठलाही पार्ट कुठल्याही फाट्यावर मिळतो आणि तो बंद पडायच्या आधी चार वेळा सांगतो. धुराचा रंग बदलतो, आवाज जड होतो, क्लचचा वास येतो. त्या सलग दुष्काळाच्या वर्षांत आमच्याकडच्या गावांना पाणी पाजलं ते ह्याच म्हाताऱ्या ट्रकांनी. पाठीवर टाकी बसवली की झाला टँकर. रात्रंदिवस खेपा, झोप न झालेले ड्रायव्हर, त्यामुळं उलटलेले टँकरही मी त्या काळात लई बघितले. अर्धी भरलेली टाकी सगळ्यात वाईट. वळणावर आतलं पाणी एका अंगाला धावतं आणि ट्रकला सोबत घेऊन पडतं.

हे पाण्याचं मला कुठल्या इंजिनिअरनं शिकवलं नाही. माझ्या बायकोनं शिकवलं. 

ती बिडकीनच्या पलीकडच्या शेतकरी घरातली. माझंही घर शेतकऱ्याचंच, पण मी शिकायला म्हणून शहरात आलो आणि राहिलो. तिनं लग्नाआधी चार वर्षं वडिलांचं ट्रॅक्टर चालवलेलं. मागं टाकी जोडून मोसंबीच्या बागेला पाणी न्यायची. मी पहिल्यांदा उलटलेल्या टँकरची हकिकत घरी सांगितली, तेव्हा भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "आत आडवं पत्रं नव्हतं व्हय टाकीला?"

"कसलं पत्रं?"

"आवो, टाकीत मधी मधी पत्रं घालावं लागतंय. नायतर पाणी हेंदकाळतं अन् ट्रॅक्टर ओढून नेतं. माझ्या बापानं एकदा खड्ड्यात घातलं होतं ना, तवापासून बसवलं."

दुसऱ्या दिवशी मी परत जाऊन टाकीत डोकं घातलं. पत्रे नव्हते. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तिला दिवसभराची गाडी सांगायचो आणि ती हातातलं काम न थांबवता एखादा असा प्रश्न विचारायची की मला वही पुन्हा उघडावी लागायची.

एकदा मी तिला जुन्या शहरात एका खानदानी घरी घेऊन गेलो. आवारात ताडपत्रीखाली एक जुनी अमेरिकन कार उभी होती. दोन दारांची, आठ सिलिंडरची, बोनेट एवढं लांब की त्यावर दोन माणसं आडवी झोपतील. मला असल्या गाड्यांचं तरुणपणापासून वेड. मालक सत्तरीचे, अदबशीर बोलणारे. त्यांनी आम्हाला आधी चहा पाजला, मग ताडपत्री ओढली आणि किल्ली फिरवली. तो आवाज कानाला कमी आणि छातीला जास्त लागतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बायको पुढं झाली, पदर सावरून तिनं बोनेटवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"लई माजलेलं जनावर हाय," ती म्हणाली. "पर ह्याला थांबवायचं कसं?"

मालक मोठ्यानं हसले. त्यांनी कबूल केलं की ब्रेक ह्या गाडीचे कधीच धड नव्हते. माझंही मत पुढं तेच झालं. ह्या जातीच्या गाड्यांत ताकद भरपूर, थांबायची अक्कल कमी. सरळ रस्त्यावर त्यांच्यासारखं सुख नाही, वळणावर देवाचं नाव घ्या.

पण आम्हा दोघांची खरी गाडी म्हणजे माझी मोटरसायकल. एका सिलिंडरची, जड, सावकाश धडधडणारी. लांबच्या प्रवासाला ज्यांना जास्त सिलिंडर आणि जास्त वेग लागतो त्यांच्याशी मी आयुष्यभर वाद घातलेत. माझं म्हणणं एवढंच होतं, की टुरिंगची गाडी चालवणाऱ्यावरून ठरत नाही, मागं बसणाऱ्यावरून ठरते. तीनशे किलोमीटरनंतर मागचं माणूस हसत उतरलं तर गाडी चांगली. आणि माझी बायको तर मागं झोपायची. माझ्या दोन खांद्यांच्या मधोमध तिचं कपाळ टेकलेलं असायचं आणि तिचा हात ढिला पडला की मला कळायचं, लागली झोप. मग मी वेग कमी करायचो.

दरवर्षी उन्हाळ्यात आम्ही आठ-दहा दिवस निघायचो. मुलगी लहान होती तेव्हा तिला मामाकडं ठेवायचो. पुढं ती शिकायला पुण्याला गेली. कुठं जायचं ते बायको ठरवायची आणि तिची अट एकच असायची. "डोंगर नको, देऊळ नको. पाणी असंल तिथं न्या."

तिला तसं का वाटायचं ते वेगळं सांगायला नको. तिच्या माहेरची मोसंबीची बाग त्या दुष्काळाच्याच वर्षांत वाळली. झाडं तोडून सरपणाला गेली. पैठणच्या धरणाच्या तळाला भेगा पडलेल्या आम्ही दोघांनी त्याच मोटरसायकलवरून जाऊन बघितल्या होत्या. शहरात आमच्या गारखेड्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. टँकर आला की सगळी कॉलनी हंडे घेऊन खाली धावायची.

म्हणून मग आम्ही नर्मदा बघितली, वैनगंगा बघितली. एका वर्षी तर थेट गोदावरीच्या मागं मागं आंध्रात गेलो, समुद्राच्या अलीकडं, जिथं तिचं पात्र एवढं रुंद होतं की पलीकडचा काठ धुरकट दिसतो. बायको घाटाच्या पायरीवर बसली, चपला काढल्या, पाय पाण्यात सोडले.

"ही आपलीच व्हय?"

"आपलीच."

"पैठणची?"

"पैठणचीच."

तिनं ओंजळभर पाणी उचललं, परत सोडलं. मग म्हणाली, "मंग आपल्याकडं का थांबत नाय?"

तो आमचा शेवटचा मोठा प्रवास. तिथून परत येताना ती मागं झोपली नाही. सारखी चुळबूळ करत होती. नांदेडच्या अलीकडं चहाला थांबलो तर तिनं बाकावर न बसता उभ्यानंच चहा घेतला. मी विचारलं तेव्हा म्हणाली, कमरेच्या वर, पाठीत कळ येतेय.

मी लगेच माझ्या कामाला लागलो. चहाचा ग्लास खाली ठेवून मी तिला विचारलं, "कुठल्या वेगाला दुखतं? खड्ड्यात का सरळ रस्त्यावर? उजव्या अंगाला का डाव्या?"

"थांबल्यावर बी दुखतं," ती म्हणाली.

मी हे ऐकलं. शब्दन् शब्द ऐकला. आणि वाकून मागच्या टायरमधली हवा कमी केली.

त्यानंतर चौदा महिने मी तिच्या पाठीचा इलाज मोटरसायकलवर करत होतो. आधी हवा. मग मागचे शॉकॲब्सॉर्बर नरम केले. त्यानं फरक पडला नाही तेव्हा नवे आणले, गॅस भरलेले, आणि ते कसे चांगले आहेत हे तिला अर्धा तास समजावून सांगितलं. मग सीट सोलून आतला फोम बदलला. मग पाठीला टेकायला म्हणून पाइप वाकवून मागं टेका बसवला. दरवेळी तिला बसवून बीड बायपासपर्यंत चक्कर मारायचो आणि मान वळवून विचारायचो, "आता?"

"आता बरं हाय," ती म्हणायची.

दोन दिवसांनी पुन्हा तिचा हात पाठीमागं गेलेला दिसायचा.

दोष द्यायला कारणं कमी नव्हती. शहर तेव्हा चहू बाजूंनी वाढत होतं. बिडकीनकडं कारखान्यांची वसाहत होणार म्हणून पैठणचा रस्ता उकरून ठेवलेला. इकडं जालना रोडवर पुलांची कामं, तिकडं पाइपलाइनसाठी खोदून नुसती माती लोटून बुजवलेले चर. मी रस्त्यांना शिव्या द्यायचो. शेजारच्या बायका म्हणायच्या, पाठ सगळ्यांचीच गेलीय, दुसऱ्या मजल्यावर हंडे चढवायचे म्हणजे काय थट्टा आहे का? कॉलनीतल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. वजन उचलू नका, कॅल्शियम घ्या, पट्टा लावा. मी हंडे चढवायचं काम स्वतःकडं घेतलं. मला वाटलं, मी बायकोची काळजी घेतोय.

ती वाळत चालली होती. मी म्हणायचो, उन्हाळा आहे.

रोशन गेटजवळ माझे एक मिस्त्री होते. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. मोटरसायकलीच्या बाबतीत मी ज्यांच्यापुढं मान खाली घालायचो असा तो एकच माणूस. तिसऱ्यांदा शॉकॲब्सॉर्बर बदलायला मी बायकोला सोबत घेऊन त्यांच्याकडं गेलो. काम झाल्यावर ते म्हणाले, भाभींना बसवून एक चक्कर मारून या. आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो. ते दुकानाच्या पायरीवर उभे राहून बघत होते. त्यांनी बायकोला आत स्टुलावर बसवलं, चहा सांगितला, आणि फडक्यानं हात पुसत मला बाहेर घेतलं.

"साब, गाडी में कुछ नई है."

"मग दुखतं कसं?"

"मैं देख्या ना. एकदम प्लेन रस्ते पे बी भाभी दांतां दबा के बैठे थे. ये शॉकप का काम नई है. उनो कू बडे दवाखाने ले के जाव. आजच जाव."

मला राग आला. खरं सांगायचं तर अपमान वाटला. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो होतो की दोष कुठं आहे, आणि आता हा माणूस मला सांगत होता की मी चुकीच्या जागी बघतोय, तेही माझ्याच बायकोच्या बाबतीत. मी म्हणालो, "तुम्ही फोम तेवढा अजून एक इंच वाढवून द्या." ते माझ्याकडं बघत राहिले.

परत येताना बायकोनं मागून विचारलं, "काय म्हणत होते मिस्त्री?"

"काय नाय. मागचं चाक बदलावं लागंल म्हणतात."

त्यानंतर दोन महिने मी त्यांच्या दुकानावरून जायचं टाळलं.

ज्या दिवशी ते घडलं, तो साधा दिवस होता. सकाळची दहाची वेळ. तिला भाजी आणायला घेऊन गेलो होतो. परत येताना आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, एक गतिरोधक आहे, तिथं मी एवढा सावकाश आलो की पाय टेकवत टेकवत गाडी वर चढवली. माणूस चालतो तेवढाही वेग नव्हता. गाडी पलीकडं उतरली आणि मागून आवाज आला, "थांबा."

मला वाटलं पिशवी पडली. मी मान वळवून रस्त्यावर बघितलं.

"थांबा वो," ती पुन्हा म्हणाली, एकदम बारीक आवाजात. "मला खाली उतरता येईना."

गल्लीतल्या दोघांनी तिला उचलून रिक्षात आडवं केलं. मोठ्या दवाखान्यात फोटो काढले, रक्त तपासलं, मग आणखी एक तपासणी, मग आणखी एक. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला दोघांनाही समोर घेऊन सांगितलं. बाई होत्या, शांत बोलणाऱ्या. हाडांच्या आत मज्जा असते, तिचा कॅन्सर आहे. तो हाडं आतून पोखरत जातो. पाठीचे दोन मणके दबलेत, एक आत्ताचा, एक बराच आधीचा.

आत्ताचा आणि आधीचा. हे तर मी रोज लोकांना सांगायचो.

डॉक्टरांनी कागद पुढं ओढला आणि विचारलं, "पाठ किती दिवसांपासून दुखतेय?"

मी तोंड उघडलं. मला चौदा महिने म्हणायचं होतं. त्याच्या आत बायको घाईनं बोलली, "दोन-तीन महिनंच झालं असत्याल."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. त्यांनी लिहून घेतलं.

घरी आणल्यावर मी तिला विचारलं. ती कॉटवर उताणी पडलेली, पट्टा बांधलेला. मी म्हणालो, "खोटं का बोललीस?"

"तुमचं तोंड बघितलं नाय तुम्ही त्या वक्ताला," ती म्हणाली.

मग मला राहवलं नाही. मी मिस्त्रींचं सांगून टाकलं. ते चाकाचं काहीच म्हणाले नव्हते, दवाखान्यात न्या म्हणाले होते, मी तुझ्याशी खोटं बोललो. मी रडत होतो. तिनं मला रडू दिलं. मग छताकडं बघत म्हणाली, "मला माहीत हाय. मी आतून ऐकलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला बी वाटलं, गाडीतलंच असंल तर बरं. गाडीतलं तुम्हाला दुरुस्त करता येतंय."

त्यानंतर ती अकरा महिने होती. औषधं चालली, मधे एकदा बरं वाटलं, चार पावलं चालली, आम्ही आशा धरली. मुलगी पुण्याहून दर शनिवारी यायची आणि रविवारच्या शेवटच्या गाडीनं जायची. मी कामावर जाणं कमी केलं. जी कार मी कधी घेणार नाही असं मित्रांना सांगत आलो होतो, तशी एक छोटी, मऊ स्प्रिंगांची कार घेतली. माझ्या मते त्या गाडीत चालवण्यासारखं काहीच नव्हतं. ना आवाज, ना ताकद. पण आतलं माणूस हलत नव्हतं.

बरं वाटत होतं त्या दिवसांत एकदा ती म्हणाली, मला मोटरसायकलवरून हर्सूलच्या तलावापर्यंत न्या. मी नाही म्हणालो. ती हट्ट करणारी नव्हती, पण त्या दिवशी दोनदा म्हणाली. मी दोन्हीदा नाही म्हणालो आणि तिला कारमध्ये माझ्या शेजारी बसवून नेलं. पाठीमागं उशा, मानेला उशी, सगळ्या काचा खाली. तलावात त्या वर्षी थोडं पाणी आलं होतं. आम्ही काठाला गाडी लावून बसलो.

"कशी वाटते गाडी?" मी विचारलं.

"लई मऊ हाय," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पर हिच्यात तुमची पाठ दिसत नाय."

मला तेव्हाच तिला घरी नेऊन मोटरसायकल काढावीशी वाटली. काढली नाही. डॉक्टरांनी मना केलं होतं, आणि मी आता डॉक्टरांचा शब्द खाली पडू देत नव्हतो. तेवढं एक तिनं मागितलं होतं.

ती ज्येष्ठात गेली. दुपारी, मुलगी जवळ असताना. मी खाली औषधाच्या दुकानात होतो. जिना चढून आलो तेव्हा मुलगी दारात उभी होती.

तेराव्यापर्यंतचे दिवस झाल्यावर मी आधी मिस्त्रींकडं गेलो. त्यांना कळलं होतं. त्यांनी स्टूल पुढं केलं. मी म्हणालो, "तुम्ही सांगितलं होतं." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि "वो बात मत निकालो साब," एवढंच म्हणाले. मग ते समोरच्या गाडीचा नट खोलत बसले आणि मी तासभर बघत बसलो. मोटरसायकल मी त्यांनाच ठेवून घ्यायला सांगितली. त्यांनी ती कुणाला दिली मी विचारलं नाही.

मग मी डॉक्टरांकडं गेलो. बाहेर नंबर लावून, पेशंटांच्या रांगेत बसून. आत गेल्यावर त्यांनी मला ओळखलं. मी सांगितलं, त्या कागदावर लिहिलंय ते चूक आहे. दोन-तीन महिने नव्हते. चौदा महिने होते.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मला अंदाज आला होता," त्या म्हणाल्या. "जुना मणका दिसत होता ना."

"आधी आणलं असतं तर?"

"औषधाला जास्त वाव मिळाला असता. किती, ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही."

त्यांनी माझी समजूत घातली नाही. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. कामावर मीही कधी कुणाला खोटा रिपोर्ट दिला नाही.

आता राहिली मुलगी. तिला मी काही सांगितलं नव्हतं. सांगायचं ठरवायचो आणि तिचा चेहरा बघून मागं सरायचो. वर्षश्राद्धाला ती आली. दुसऱ्या दिवशी आईचं कपाट लावायला बसली. साड्या वेगळ्या केल्या, कागद वेगळे केले. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होतो. ती दवाखान्याची फाइल घेऊन दारात आली.

"पप्पा, इथं दोन-तीन महिने लिहिलंय."

मी गॅस बंद केला.

"पण मी आदल्या दिवाळीला आले होते तेव्हाच आई उशी लावून बसत होती. मी विचारलं तर म्हणाली, पप्पा गाडी नीट करतायत. म्हणजे कधीपासून दुखत होतं?"

मी तिला सगळं सांगितलं. चहाच्या टपरीपासून. हवा कमी केली ते, फोम, पाइपचा टेका, मिस्त्री पायरीवर उभे राहून बघत होते ते, आणि मी मागचं चाक म्हणालो ते. ती दाराच्या चौकटीला टेकून उभ्यानं ऐकत होती. मी थांबलो तेव्हा तिनं विचारलं, "मिस्त्रींना लांबून एका चकरेत दिसलं?"

"हो."

"आणि तुम्हाला?"

मी काय सांगणार होतो? ती माझ्या मागं बसायची, मला तिचं तोंड दिसायचं नाही, असं माझ्या ओठांवर आलं होतं. ते खोटं नव्हतं. पण घरात तर ती माझ्या समोरच बसायची.

मुलगी तिची बॅग भरून त्याच दुपारी निघाली. मी सोडायला येतो म्हणालो, ती नको म्हणाली, रिक्षानं गेली. चार महिने तिचा फोन आला नाही. मी करायचो, ती उचलायची नाही. मग एका रविवारी सकाळी तिचा आपणहून आला.

"जेवलात का?" तिनं विचारलं. सकाळचे साडेनऊ झाले होते.

"जेवलो," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि थोडा वेळ कुणीच फोन ठेवला नाही. तिच्याकडं मागं कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मी त्या मोजत बसलो. तिसऱ्या शिट्टीला ती म्हणाली, "ठेवते," आणि ठेवला.

आता दर रविवारी येतो. तोच प्रश्न, तेच उत्तर. त्याच्या पुढं आम्ही दोघंही अजून गेलो नाही.